सुतळी, खडी आणि स्थावर मालमत्ता

गेल्या मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग झाला आणि त्यात सव्वा किलो तांदूळ फरशीवर सांडले. प्रयोग माझा, तांदूळ आमच्या सौभाग्यवतींचे आणि शेवटी झाडू पुन्हा माझ्याच हातात. प्रयोग तसा जुनाच आहे. लहानपणी गावच्या जत्रेत जादूगार करून दाखवायचा. अरुंद गळ्याचा तांब्या घ्यायचा, त्यात काठोकाठ तांदूळ भरायचे, तांब्या जमिनीवर आपटून आपटून ते दाबून बसवायचे आणि वरून सुरी खुपसायची. काढायची, पुन्हा खुपसायची. असे आठ-दहा वेळा केले की तांदूळ सुरीला असे काही धरतात, की सुरी उचलावी तर तिच्याबरोबर तांब्याही अधांतरी वर येतो. जादूगार मधूनमधून काहीतरी मंत्र पुटपुटायचा. माझ्याकडे मंत्र नव्हता आणि धीरही कमी होता. तांब्या ओट्याच्या उंचीपर्यंत आला आणि सुटला. दुसऱ्या खेपेला मात्र मी तो चांगला पाच मिनिटे टांगून धरला. तोवर बघायला कोणी उरले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

या वयात मला हा उद्योग सुचवला तो आमच्या पुतणीने. धाकट्या भावाची ही मुलगी पुण्यात आर्किटेक्चर शिकते आणि आमच्याकडेच राहते. एका रात्री जेवणे आटोपल्यावर तिने संगणकावर एक चित्रफीत लावली आणि म्हणाली, "काका, हे बांधकाम बघा. यात सिमेंट नाही, चुना नाही, माती नाही. नुसती खडी आणि दोरा." मी तेहतीस वर्षे बँकेत काढली आहेत. अमुक नाही, तमुक नाही, तरी सगळे उत्तम आहे, असे कोणी सांगू लागले की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या खिशावर जातो. तरी बघितले.

चित्रफितीत एक चौकोनी पेटी होती. पेटीच्या तळाशी खडीचा थर. वरून एक यंत्रमानवाचा हात आला आणि त्याने त्या थरावर दोऱ्याची वेटोळी टाकायला सुरुवात केली, आपल्याकडे बायका कुरडया घालतात तशी. मग पुन्हा खडी, पुन्हा वेटोळी. असे थरावर थर. पेटी भरल्यावर तिच्या बाजू काढून घेतल्या. कडेची मोकळी खडी खळखळत खाली आली आणि आत उभा राहिला एक ओबडधोबड खांब, माणसाच्या दुपटीहून उंच. दोऱ्याला कुठे गाठ नाही, दगडाला कुठे डिंक नाही. 2015 साली अमेरिकेत शिकागो शहरात वास्तुकलेचे पहिले द्वैवार्षिक प्रदर्शन भरले होते, तिथला हा खांब. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातले ग्रामात्सिओ आणि कोलर यांचे पथक आणि अमेरिकेच्या एमआयटीतली स्कायलर टिबिट्स यांची प्रयोगशाळा यांनी मिळून तो उभा केला होता.

इथवर मी फारसा हललो नव्हतो. पण पुढचा भाग पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. खांब पाडायची वेळ आली तेव्हा ना घण आला, ना जेसीबी. दोऱ्याचे वरचे टोक एका रहाटाला लावले आणि रहाट फिरवला. दोरा सुटत गेला, गुंडाळला गेला, तसतसा खांब वरून खाली विरघळत आला. शेवटी एका बाजूला खडीचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला दोऱ्याचे रीळ. जे आणले होते ते जसेच्या तसे परत. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल पूर्ण वसूल.

तीन वर्षांनी, 2018 साली, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुर गावात झुरिकच्या मंडळींनी याच रीतीने एक अख्खा मंडप बांधला. अकरा खांब, सुमारे 30 टन खडी, 120 किलोमीटर दोरा आणि खांबांच्या डोक्यावर कित्येक टनांचे पोलादी छत. दोरा 120 किलोमीटर म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जाऊन वर उरेल इतका. छताचे वजन खडी आणि दोरा पेलत होते. मंडपाचा काळ संपला की खडी पुन्हा खडी आणि दोरा पुन्हा दोरा.

आता यात जादू कुठली? खरे तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. त्याने कणगी पाहिलेली असते. कणगीत धान्य ओतले की ते खाली तर दाबतेच, पण बाहेरच्या बाजूलाही रेटते, आणि बांबूच्या कांबींचे वेढे तो रेटा धरून ठेवतात. दोरा तेच काम करतो. खांबावर जितका भार येईल तितके दगड बाहेर पसरू पाहतात, जितके पसरू पाहतात तितका दोरा ताणला जातो आणि जितका दोरा ताणला जातो तितके दगड एकमेकांत रुततात. कणगीची कांब बाहेर असते, इथे ती दगडांच्या पोटात आहे, एवढाच फरक.

धान्याच्या बाबतीत आणखी एक मौज आहे. 1895 साली जर्मनीतल्या ब्रेमेन शहरी यान्सन नावाच्या अभियंत्याने धान्याच्या उंच कोठाराच्या तळाशी किती दाब पडतो ते मोजले. पाण्याच्या टाकीत पाणी जितके उंच तितका तळाशी दाब जास्त. धान्याचे तसे नाही असे त्याला आढळले. एका उंचीनंतर वरून कितीही धान्य ओता, तळावरचा दाब जवळजवळ वाढतच नाही. दाणे एकमेकांना आणि भिंतींना अडकून वरचा भार कोठाराच्या बाजूंवर ढकलतात. म्हणजे नुसता सैल, सुटा दाणा. पण गर्दीत सापडला की तो भार वाहू लागतो. आमच्या तांब्यातल्या तांदळांनीही दुसरे काही केले नव्हते. सुरी आत शिरताना त्यांना बाजूला सरायला जागा हवी होती, ती तांब्याच्या गळ्याने दिली नाही.

याला शास्त्रज्ञ 'जॅमिंग' म्हणतात. मराठीत वेगळा शब्द शोधायचे कारण नाही, आपल्याकडे चाक 'जाम' होते, नट 'जाम' होतो, तसेच दाणे जाम होतात. 1998 साली अँड्रिया लिऊ आणि सिडनी नेगल या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात यावर एक टिपण लिहिले आणि तेव्हापासून हा विषय फारच फोफावला. आपण मात्र त्याचा अनुभव काजूच्या पाकिटात घेतो. गावाहून हवा काढून घेतलेले काजूगर येतात ना, विटेसारखे कडक? कात्रीने कोपरा कापला की फुस्स होते आणि वीट नाहीशी होऊन हातात सैल पिशवी उरते. काजू तेच, पिशवी तीच. बाहेरच्या हवेचा दाब दाण्यांना एकमेकांवर रेटत होता, तो गेला. 2010 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याच युक्तीवर यंत्रमानवाचा एक हात तयार केला. त्याला बोटे नाहीत, फक्त कॉफीची भुकटी भरलेला एक फुगा. फुगा वस्तूवर टेकवायचा, हवा ओढायची, की वस्तू पकडली. हवा सोडली की वस्तू सुटली.

आणि दूर कशाला, आपली रेल्वे! राजधानी एक्स्प्रेससारखी गाडी ज्या रुळांवरून धावते, त्यांचे स्लीपर कशावर टेकलेले असतात? सुट्या खडीवर. सिमेंटने चिकटवलेली नव्हे, नुसती ओतून, ठोकून बसवलेली. मात्र ती खडी यंत्रात फोडलेली, धारदार कोपऱ्यांची लागते. नदीतला गुळगुळीत गोटा तिथे चालत नाही, तो घरंगळतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याने माझी फजिती केली आहे.

एवढे सगळे ऐकल्यावर खरे म्हणजे मी पुतणीला शाबासकी द्यायला हवी होती. मी दिली नाही. मी तिला विचारले, "किल्लारी माहीत आहे का तुला?"

ती तेव्हा जन्मलीही नव्हती. मी लातूरच्या शाखेत होतो. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते, गावेच्या गावे दमून झोपली होती आणि पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. हजारो माणसे गेली. काही दिवसांनी आम्हाला तिकडे पाठवले ते खातेदारांना पैसे देण्यासाठी. पासबुके ढिगाऱ्याखाली, सह्यांची कार्डे आमच्या हातात आणि समोर अशी माणसे, की ज्यांचे हात सही करण्याजोगे राहिले नव्हते. एक म्हातारे गृहस्थ मला हाताला धरून त्यांच्या घराच्या जागेवर घेऊन गेले. दगड निराळे पडले होते, पांढरी माती निराळी, सागवानी खांब निराळे. ते पुनःपुन्हा एकच सांगत होते, "दोन हात रुंद भिंत हुती, सायेब. दोन हात."

त्या भिंती खरोखरच रुंद होत्या, आणि त्याच माणसांच्या अंगावर आल्या. बांधणीची रीत अशी, की बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा आणि मधल्या पोकळीत बारके दगड नि चिखल भरायचा. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड घातलाच तर क्वचित. वर माळवद, म्हणजे लाकडावर दीड-दोन फूट माती, दर पावसाळ्याआधी त्यात नवी भर. भिंत उभी असते तोवर राजवाड्यासारखी दिसते. हादरा बसला की आतला भराव खाली सरकतो, दोन थरांना पाचरीसारखा फाकवतो, भिंत पोट काढते आणि फुटते. नंतर सरकारने पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली, उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींत आरपार दगड नाही तर काँक्रीटचे टाके घालायला आणि वरून आडवे पट्टे बांधायला शिकवले. पण माझ्या मनात राहिले ते वेगळेच. त्याआधी दोन वर्षे शेतीकर्जाच्या तपासणीसाठी मी त्या भागात फिरलो होतो. फॉर्मवर घराचा रकाना असे. त्यात मी स्वतःच्या हाताने कितीतरी वेळा लिहिले होते: 'पक्के, दगडी.'

तेव्हा सुट्या दगडांचे कौतुक मला कोणी सांगू नये, असे मी पुतणीला जरा तिखटपणेच म्हणालो. ती गप्प बसली. मग तिने ती चित्रफीत पुन्हा लावली, दोऱ्याची वेटोळी पडत होती तिथे थांबवली आणि म्हणाली, "काका, तुमचा आरपार दगड हा बघा." प्रत्येक थरात दोरा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेला होता, शेकडो वेळा. मी तिच्याकडे पाहिले. सौभाग्यवतींनी आतून विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "काही नाही."

दोऱ्याशिवायही हे करता येते का, यावर जर्मनीत श्टुटगार्ट विद्यापीठात बराच खटाटोप झाला आहे. कारोला डीरिक्स आणि आखिम मेंगेस यांनी दाण्याचा आकारच बदलून टाकला. नुसती वाळू ओतली तर तिचा ढीग तीस-पस्तीस अंशांच्या उतारावर थांबतो, कितीही आर्जवे करा, उभी भिंत होणार नाही. पण सराट्याची फळे ओता बघू! किंवा कुंपणाची बोराटी उचलून पाहा, एक फांदी ओढली की सगळा भारा मागोमाग येतो. यांनी तसेच अनेक हातांचे, चांदणीसारखे प्लॅस्टिकचे तुकडे बनवले आणि ते नुसते ओतून 2018 साली एक बंदिस्त खोलीच उभी केली. लाखाहून अधिक तुकडे, प्लॅस्टिक आधी एकदा वापरलेले. हवा भरलेले मोठे गोळे ठेवायचे, त्यांवर तुकडे ओतायचे, मग गोळे काढून घ्यायचे, की आत घुमटी तयार. मोडायची तर तुकडे पोत्यात भरून दुसरीकडे न्यावे आणि दुसरेच काहीतरी ओतावे. बघायला सुंदर आहे, पण मला त्याचे फार प्रेम वाटले नाही. दगड आणि दोरा आपल्या ओळखीचे. लाख प्लॅस्टिकच्या चांदण्या घरात आणायच्या म्हटले तर आमच्याकडे त्या झाडण्याची वेळ पुन्हा माझ्यावर येईल.

तिसरा मार्ग पोत्यांचा. नादर खलिली हे इराणी-अमेरिकी वास्तुविशारद. लांबच लांब पोत्याच्या नळ्यांत जागेवरचीच माती भरायची, नळी वेटोळ्याने घुमटाकार चढवायची आणि दोन थरांमध्ये काटेरी तार घालायची, म्हणजे पोती घसरत नाहीत. युद्धात वाळूची पोती आणि काटेरी तार दोन्ही माणसांना दूर ठेवायला वापरतात. खलिलींनी त्यांचाच निवारा केला. 2004 साली या घरांना आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. अडतदारांच्या गोदामांत ज्वारीच्या पोत्यांच्या थप्प्या मोजत मी उमेदीची वर्षे घालवली, मला हे वाचून फार बरे वाटले. पोते सैल भरले की थप्पी पोट काढते, हे मला एका हमालानेच शिकवले होते.

हे सगळे मी एवढ्या असोशीने का वाचत बसलो, ते आता सांगतो. आम्ही सध्या भाड्याच्या घरात आहोत. आमची सोसायटी पुण्याच्या एका उपनगरात होती. चार मजले, सोळा बिऱ्हाडे. 1990 साली कर्ज काढून घेतलेला फ्लॅट. 2023 च्या दिवाळीनंतर इमारत पुनर्विकासासाठी पाडली. तेहतीस वर्षे! म्हणजे मी बँकेत जितका टिकलो तितकीच ती टिकली. नोकरीत असताना गृहकर्जाच्या कागदांत मूल्यमापकाचा दाखला असायचा, त्यात एक ओळ: 'इमारतीचे उर्वरित आयुष्य.' साठ वर्षे, पन्नास वर्षे, काहीतरी लिहिलेले असे आणि त्याखाली मी सही करत असे. आयुष्य संपल्यावर ती कुठे जाते, असा रकानाच नव्हता. मलाही कधी विचारावेसे वाटले नाही.

पाडकाम बघायला मी रोज सकाळी फिरायच्या निमित्ताने जायचो. दारे-खिडक्या आधी गेल्या, त्या कुठल्याशा जुन्या बाजारात विकल्या गेल्या असणार. मग यंत्राची ती चोच. सळया ओढून काढल्या जात, त्यांना भंगारात भाव आहे. उरलेले सगळे राडारोडा. मी डंपर मोजू लागलो. बँकेची सवय. नव्वदपर्यंत मोजले आणि सोडून दिले. एके दिवशी रिक्षा केली आणि एका डंपरच्या मागे गेलो. रिक्षावाल्याला वाटले, म्हाताऱ्याचे काही हरवले आहे. डंपर नदीकाठी एका सखल जागेत गेला आणि त्याने मागचे फाळके उघडले. त्या ढिगात निळ्या टाइल्सचे तुकडे होते. कोणाच्या बाथरूमचे ते मला सांगता आले असते. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचे. ज्याने हे टाकले त्याच्याशी मी भांडलो नाही, नुसताच परत आलो. सौभाग्यवतींना सांगितलेही नाही.

राडारोड्याचा फेरवापर होत नाही असे नाही. दिल्लीत बुराडीला 2009 पासून त्याची खडी करणारा प्रकल्प उभा राहिला, 2016 साली केंद्र सरकारने राडारोड्यासाठी स्वतंत्र नियम केले आणि त्याच वर्षीच्या भारतीय मानकाने अशी खडी काँक्रीटमध्ये ठरावीक प्रमाणात वापरायला मुभा दिली, साध्या काँक्रीटमध्ये जाड खडीच्या 25 टक्क्यांपर्यंत. पण तिथे एक अडचण आहे. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी एकदा एकमेकांना मिळाले की परतीचा रस्ता नाही. सिमेंटची पुन्हा पूड होत नाही. ते दगडाला असे चिकटून बसते, की दगडही धड दगड राहत नाही. आणि हे सिमेंट बनवताना जगात माणसाच्या कारभारातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचा सात-आठ टक्के हिस्सा एकटे ते उचलते. तेहतीस वर्षांच्या इमारतीसाठी ही किंमत जास्त वाटते.

आमच्या कोकणातल्या घराच्या आगराला गडगा होता. जांभ्याचे दगड एकावर एक रचलेले, मध्ये काही नाही. पावसाने कुठे ढासळला, गुरांनी पाडला, की आजोबा पावसाळा सरल्यावर तेच दगड उचलून पुन्हा रचायचे. मी त्यांना गडग्यासाठी नवा दगड आणताना पाहिलेले नाही. गणपतीचे, लग्नाचे मांडव घालणारेही तसेच. वासे आणि सुंभ. काम झाले की गाठी सोडायच्या आणि सगळे गोदामात परत. माझ्या हाताखाली अशा एका मांडववाल्याचे कॅश क्रेडिट होते. त्याचे वासे आम्ही माल म्हणून मोजायचो आणि नजरगहाण ठेवून घ्यायचो.

यावरून एक गमतीचा प्रश्न डोक्यात आला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात स्थावर मालमत्ता म्हणजे काय, तर जी जमिनीशी संलग्न आहे ती. झाड मुळांनी जमिनीत असते, भिंत पायाने जमिनीत रोवलेली असते. मग हा खडी-दोऱ्याचा मंडप स्थावर की जंगम? रजिस्टर्ड गहाणखत करायचे, की मांडववाल्याच्या वाशांसारखा माल म्हणून मोजायचा? आणि कर्जदाराने हप्ते थकवले तर जप्तीला काय न्यायचे, दोऱ्याचे रीळ? मी हे माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याला फोनवर विचारले. तो म्हणाला, "रीळ आधी ताब्यात घे, बाकीचं आपोआप खाली येईल."

विनोद सोडला तरी अडचणी आहेत. हे मंडप प्रदर्शनातले, थोड्या दिवसांचे. त्यांत कोणी राहिलेले नाही. दोरा यंत्रमानवाने टाकायचा म्हटले तर तो खर्च आपल्याकडे कोणत्याही गवंड्याच्या रोजापेक्षा जास्त येईल. दोऱ्याला ऊन, पाऊस आणि उंदीर हे तीन शत्रू आहेत, पैकी तिसऱ्याचा विचार स्वित्झर्लंडमध्ये फारसा करावा लागत नसेल. पाऊस आत येणार नाही असे छत तर निराळेच हवे. मी हे सगळे मुद्दे कागदावर काढून पुतणीपुढे ठेवले. तिने ते वाचले आणि विचारले, "काका, तुमच्याकडे रंगाची जुनी बादली आहे का?"

भाड्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, रखवालदाराच्या परवानगीने, आम्ही कामाला लागलो. वीस लिटरची बादली, तिचा तळ कापलेला आणि एका बाजूने उभी चीर पाडून वर दोरीने आवळलेली. पहिल्या दिवशी मी हौसेने नर्सरीतून कुंडीत घालायचे गोल पांढरे गोटे आणले, दिसायला छान म्हणून. दोन बोटे गोटे, त्यावर सुतळीची वेटोळी, पुन्हा गोटे. बादली भरली, दाबली, दोरी सोडून बादली अलगद काढली. सगळे गोटे पार्किंगभर पसरले. एक तर थेट सेक्रेटरींच्या गाडीखाली गेला. पुतणी काही बोलली नाही. मला रेल्वेची खडी आठवली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बांधकामावरून तिने खडी मागून आणली, वीस एमएमची, यंत्रात फोडलेली, संध्याकाळपर्यंत परत करायच्या बोलीवर. रखवालदारही येऊन बसला आणि थर लावू लागला. तो मूळचा औशाकडचा निघाला. सुतळी कडेपासून कडेपर्यंत गेली पाहिजे, हे त्याला सांगावे लागले नाही. बादली काढली तेव्हा कडेची ओंजळभर खडी गळली आणि मग गळायची थांबली. गुडघ्याएवढा खांब उभा होता. मी बोटाने ढकलून पाहिला. मग एक फळी ठेवून तिच्यावर हात टेकला. मग पुतणीचा आणि रखवालदाराचा हात धरून त्या फळीवर उभाच राहिलो. माझे वजन एकाहत्तर किलो. खांब जरा करकरला, अर्धा बोटभर बसला आणि थांबला. "दाबला की घट हुतोय की हो," रखवालदार म्हणाला आणि वाकून सुतळीचे वेढे बघू लागला.

किल्लारीबद्दल त्याने काही काढले नाही, मीही विचारले नाही.

मी खाली उतरलो. पुतणीने सुतळीचे टोक माझ्या हातात दिले. मी ओढत गेलो, ती गुंडाळत गेली. वरचा थर सुटला, त्याखालचा सुटला, खडी हळूहळू बसत गेली. पाच-सात मिनिटांत जमिनीवर खडीचा ढीग आणि तिच्या हातात सुतळीचा गुंडा, थोडा धुळकट झालेला. खडी घमेल्यात भरून रखवालदाराने कबूल केल्याप्रमाणे सहाच्या आत बांधकामावर पोचवली. रविवारी सौभाग्यवतींनी रद्दीचे गठ्ठे त्याच सुतळीने बांधले आणि उरलेली ड्रॉवरमध्ये ठेवली.